त्रेसष्टपैकी एकेचाळीस

"बोट काळं करून घ्यायला मला भ्या न्हाय," म्हाळसाआक्का म्हणाली. "पर पाणी कुठाय?"

शाईचा पॅड मी तिच्यासमोर उघडून धरला होता. तिच्या आधी माळावरच्या एकवीस घरांचे अंगठे झाले होते. ती माणसं बाहेर पायरीच्या दगडाला बोटं पुसत उभी होती. बाविसावं घर म्हाळसाआक्काचं.

"येईल हो आक्का," मी म्हणाले. "पाइप टाकलाय, नळकोंडाळी बांधलीत. राहिलंय ते थोडंच."

"मग आलं की सांगावा धाडा. येते मी." तिनं पदर सारखा केला आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरून ती चालायला लागली. उतरताना घाई नाही, रागही नाही. बाजारात भाव पटला नाही म्हणून माणूस पुढच्या पाटीकडे जातं, तशी गेली.

ही गोष्ट २००४ सालच्या मार्चमधली. माणदेशातल्या पळसमाचीला मी कंत्राटी ग्रामसेवक म्हणून लागले होते. तीन वर्षं कंत्राट, काम बरं वाटलं तर कायम. माझी सव्वादोन वर्षं झाली होती. वडील श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात वॉचमन होते, ते अंथरुणाला खिळलेले, आणि घर माझ्या मानधनावर चालायचं. आमच्याकडे ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणायची पद्धत. मी बाई असले तरी गावानं पद्धत मोडली नाही. "भाऊसाहेब आल्या का?" असं विचारत लोक कचेरीत यायचे. सुरुवातीला हसू यायचं, नंतर सवय झाली.

त्या वर्षी गावाला वस्ती सुधारणेचं अनुदान मिळालं होतं. त्यातून ओढ्याकाठची एकेचाळीस घरं आणि वर माळावरच्या धनगरवस्तीतली बावीस घरं अशा त्रेसष्ट कुटुंबांसाठी नळयोजना केली होती. आता वर्ष संपत आलं होतं आणि कामगिरी अहवाल पाठवायचा होता. अहवालात एका रकान्यात उद्दिष्ट, शेजारच्या रकान्यात साध्य, मग टक्केवारी आणि शेवटी शेरा. सोबत लाभ मिळालेल्या प्रत्येक कुटुंबाची सही नाहीतर अंगठा. साध्याचा आकडा उद्दिष्टाइतका भरला तर पुढचा हप्ता यायचा, आणि त्यातून गावातल्या मधल्या आळीचा रस्ता आणि गटार होणार होतं. मधली आळी त्याची चार वर्षं वाट बघत होती.

अडचण एकच होती. माळावर पाणी चढत नव्हतं. टाकी शाळेजवळच्या उंचवट्यावर होती आणि माळ त्याहून उंच. उद्घाटनाच्या दिवशी खालचे सगळे कॉक बंद केले, तेव्हा वरच्या नळाला दहा मिनिटं बारीक धार आली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. मग खालचे कॉक उघडले आणि वरची धार जी बंद झाली ती बंदच राहिली. फोटो मात्र तालुक्याला गेला होता.

आक्का गेल्यावर मी सरपंचांकडे गेले. दिनकरअण्णा माने. पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणं मोकळं. माणूस वाईट नव्हता. मी नवीन आले तेव्हा मला खोली मिळेना, तर यांनी स्वतःच्या चुलतभावाला पटवून त्याची माडी मला दिली होती. त्यांच्या घरून आठवड्यातून दोनदा तरी भाकरी-कालवण यायचं. मला परक्या गावात एकटं वाटू नये म्हणून त्यांनी जे केलं, ते सख्ख्या चुलत्यानंही केलं नसतं.

"म्हाळसाआक्का देत नाही म्हणाल्या," मी सांगितलं.

अण्णांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तिच्या सुनेचा घ्या. कुटुंबातला कुणाचा बी चालतोय न्हवं?"

"चालतो. पण अण्णा, पाणी तर खरंच..."

"बाई, वर पाणी मी चढवणार हाय. दुसरी मोटर, बारकी टाकी, सगळं डोक्यात हाय माझ्या. आज आकडा दिला तर हप्ता येतो, हप्ता आला तर काम हुतं. आकडा आदी, काम मागनं. सगळ्या तालुक्याची हीच रीत हाय." ते जरा थांबले. "आन् तुमची कायमची ऑर्डर डिसेंबरात निघायची हाय. कशाला वांदा करून घेता?"

ते धमकी देत नव्हते. काळजीनंच बोलत होते, आणि म्हणूनच मला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी शाईचा पॅड पर्समध्ये टाकून माळ चढले. वेळ मुद्दाम दुपारची निवडली. आक्का मेंढरांमागं गेलेली असेल, सून घरी एकटी असेल, असा हिशेब. आज लिहितानाही त्याची लाज वाटते, पण खरं ते खरं.

सुरेखा, आक्काची सून, दारात बाजरी निवडत होती. सातवा महिना असावा. मी आल्याचं कारण सांगितलं तर ती गोंधळली. "आत्याबाईंना इचारल्याबिगर मी कशी देऊ?"

"त्यांना नंतर सांगते मी. नुसता अंगठा तर द्यायचाय."

ती सूप बाजूला ठेवून हात पुसत होती, इतक्यात पायवाटेवरनं आक्का आली. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. मेंढरांमागं गेलेली नव्हती, पाण्याला गेली होती. हंडे उतरवायला मी हात लावायला गेले, पण ती म्हणाली, "राहू दे, सांडशील." सत्तरीकडे झुकलेली बाई, पण एक थेंब न सांडता तिनं दोन्ही हंडे उतरवले. माझ्या पर्सच्या तोंडातून शाईच्या पॅडचा कोपरा बाहेर आलेला होता. तो तिनं बघितला.

"सुरेखा, भाऊसाहेबांना चा टाक."

चहा शेळीच्या दुधाचा होता. मी खाली मान घालून प्यायले. तो संपल्यावर आक्का उठली, रिकामा हंडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "दुसरी खेप हाय. येतीस का?"

मी हंडा उचलला.

विहीर ओढ्यापलीकडे; ओढ्याकाठच्या नळांचं पाणी त्या एकेचाळीस घरांनाच कसंबसं पुरायचं. उतरताना वीस मिनिटं लागली. शेंदून हंडा भरला तेव्हा माझे तळहात लाल झाले होते. चढताना हंडा डोक्यावर टिकेना, म्हणून कमरेवर घेतला, मग दोन्ही हातांनी पोटाशी धरला. कुसळं साडीच्या काठात घुसत होती. निम्म्या वाटेवर मी थांबले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि हंडा निम्मा रिकामा झाला होता.

"अशा चार खेपा," आक्का म्हणाली. माझी कीव करत नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाली. "सुरेखा सहाव्या महिन्यापातूर येत हुती. आता मीच न्हाय म्हनलं."

वर पोचल्यावर ती कोरड्या नळकोंडाळ्याच्या कट्ट्यावर बसली. सिमेंट नवंकोरं होतं. मीही बसले. आता ती मला सुनावणार, अशी माझी तयारी होती. मी आधीच बोलून टाकलं, "आक्का, चुकलं माझं. मी असं यायला नको होतं."

"पोटासाठी आलीस. त्येचं काय न्हाय." तिनं कट्ट्यावरची माती तळहातानं पुसली. "तुला वाटत आसंल, म्हातारी आडमुठी हाय. बाकीच्यांनी दिला, हिला काय झालं?"

"तसं नाही, पण..."

"मी बी दिला हुता एकदा अंगठा. शहाऐंशी साली. गावापासनं इथवर मुरमाचा रस्ता मंजूर झाला हुता. ओढ्यापातूर झाला आन् थांबला. म्हनले, राहिलेला पुढच्या साली करू, आता झाला म्हणून अंगठा द्या. आमी दिला. मी दिला, माझ्या मालकानं दिला. आपलीच मानसं हुती, न्हाय कसं म्हनायचं?"

"मग?"

"मग काय. पुढच्या साली गेलो इचाराय. तालुक्याच्या सायबानं वही काढली. म्हनला, तुमच्याकडं रस्ता झालाय की. हे बघा, तुमचेच अंगठे. त्येच्या पुढच्या साली बी गेलो. तीच वही. एकदा झालं म्हनलं की परत मागता येत न्हाय, पोरी. मागितलं तर आपुनच खोटं ठरतो."

खाली ओढ्याकाठी नळावर कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"नव्वद साली मालक बाभळीवरनं पडलं. शेरडांना पाला काढत हुतं. पाठीत मार बसला. दवाखान्याची गाडी आली, पर ओढ्यापलीकडं. इथवर येनार कशी? मग चौघांनी बाजंवर घालून नेलं. दगडातनं, उतारानं. लई कळा लागल्या त्यांना. गाडी दिसाय लागली तवा गेलं."

मी साडीच्या काठात घुसलेलं कुसळ उपटत राहिले.

"त्यो रस्ता पुढं नव्व्याण्णव साली झाला, दुसऱ्याच कसल्या योजनंतनं. चांगला हाय." ती उठली. "त्यो कागद कुणी लिवला, त्येचं नाव मी घेत न्हाय. घिऊन काय करू? अंगठा माझा हुता. म्हनून म्हनलं, आता पाणी आल्याबिगर देनार न्हाय. सुरेखाला पोर हुईल, त्ये बी पाणी मागंल. त्येनं कुणाला इचारायचं?"

खाली येताना ती माझ्याबरोबर वस्तीच्या कडेपर्यंत आली. तिनं मला काहीही करायला सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "साडी वाळव. आजारी पडशील."

बुधवारी सकाळी मी नवा फॉर्म घेतला. उद्दिष्ट त्रेसष्ट. साध्य एकेचाळीस. टक्केवारी पासष्ट. शेऱ्यात लिहिलं, 'माळावरील बावीस कुटुंबांना पाणी पोहोचत नाही. टाकी खालच्या पातळीवर आहे. काम अपूर्ण समजावे. स्वतंत्र टाकी व मोटर आवश्यक.' माळावरच्या एकवीस अंगठ्यांची यादी जोडली नाही. अक्षर बरं आलं.

अण्णांनी अहवाल वाचला, परत वाचला, आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"जे आहे ते, अण्णा."

"जे हाय ते!" त्यांचा आवाज चढला. "मधल्या आळीला काय सांगू? गटारात पोरं पडत्यात तिथं! तुम्ही वर्सासहा म्हैन्यांत बदलून जाल, मला हितंच मरायचंय. माझी सही मिळायची न्हाय ह्याच्यावर."

"अण्णा, काल मी माळावर गेले होते. म्हाळसाआक्कांनी मला त्या रस्त्याचं सांगितलं."

"कुठला रस्ता?"

"शहाऐंशी सालचा. कागदावरचा."

अण्णा खुर्चीतून उठले होते, ते उभेच राहिले. डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आतून बोट फिरवलं, परत घातली. मग निघून गेले. त्या दिवशी त्यांच्या घरून येणारी भाकरीही आली नाही. मी ओळखलं, गावातलं माझं संपलं.

शुक्रवारी पंचायत समितीच्या सभागृहात आढावा बैठक होती. ग्रामसेवकांनी उठून आपापल्या गावाची टक्केवारी सांगायची आणि अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. मी सकाळच्या एसटीनं गेले. अहवालावर सरपंचांच्या सहीची जागा कोरी होती. गटविकास अधिकारी कडक होते, आणि त्यांचा स्वतःचा अहवाल वर जिल्ह्याला जायचा होता.

नावं पुकारली जाऊ लागली. "शंभर टक्के." "शंभर." "शंभर, साहेब." "अठ्ठ्याण्णव." अठ्ठ्याण्णववाल्याला साहेबांनी दोन वाक्यं सुनावली.

"पळसमाची?"

मी उठले. "पासष्ट टक्के, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालात? इकडे आणा."

मी अहवाल नेऊन दिला. त्यांनी शेरा वाचला. "बाई, ऑक्टोबरात तुमच्याच गावचा फोटो आलाय, माळावरच्या नळाला पाणी. मग हे काय? आणि सरपंचांची सही कुठंय?"

"सही झालेली नाही, साहेब."

"सहीशिवायचा अहवाल तुम्ही बैठकीत आणता? कंत्राटी आहात ना?" त्यांनी लिपिकाकडे बघितलं. "यांना कारणे दाखवा नोटीस काढा. आजच."

"साहेब, सही राहिली हुती. करतो की."

दारातून आवाज आला. अण्णा होते. सरपंचांना त्या बैठकीला बोलावलेलं नव्हतं. जीपमधून थेट आले असावेत, टोपीवर धूळ होती. ते सरळ टेबलापाशी आले, साहेबांच्या समोरचा अहवाल स्वतःकडे वळवला, खिशातून पेन काढलं आणि सही केली. शिक्का सोबत आणला होता. तोही मारला.

"आकडा माझा हाय," ते म्हणाले. "बाईंनी फकस्त लिवला."

"सरपंच, तुम्हाला कळतंय ना? दुसरा हप्ता अडकेल तुमचा."

"अडकू द्या."

"आणि तो फोटो?"

"त्यो दहा मिनिटांचा फोटो हाय, साहेब. खालचे कॉक बंद करून काढला. मीच पाठवला. नोटीस काढायची तर माझ्या नावानं काढा. ह्या पोरीला काढाल, तर खरं लिवणाऱ्याला काय मिळतं ते हितल्या सगळ्यांना कळंल." त्यांनी मागे बसलेल्या ग्रामसेवकांकडे एकदा बघितलं. "मग पुढच्या साली बी तुमाला शंभरच आयकायला मिळतील."

साहेबांनी अहवालावरची सही एकदा बघितली. मग त्यांनी लिपिकाला हातानं थांबवलं आणि म्हणाले, "बसा, बाई." पुढच्या गावाचं नाव पुकारलं. त्या गावच्या ग्रामसेवकानं उठून आपला कागद पाहिला, खाकरला आणि म्हणाला, "साहेब, आमचा आकडा जरा तपासून उद्या देऊ का?"

परत येताना मी अण्णांच्या जीपमध्ये होते. ओढ्याच्या अलीकडे, जिथून माळाचा रस्ता फुटतो, तिथे त्यांनी जीप थांबवली. इंजिन बंद केलं.

"म्हाळसानं त्या कागदाचं सांगितलं तवा माझं नाव घेतलं का?"

"तुमचं? नाही. 'कुणी लिहिला त्याचं नाव घेत नाही,' एवढंच म्हणाल्या."

अण्णांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"मी उपसरपंच हुतो तवा. तिशीचा. सरपंच म्हातारे, लिवनं-वाचनं माझ्याकडं. 'रस्ता पूर्ण' ह्ये माझ्या हातानं लिवलंय. वस्तीवर घरोघर जाऊन अंगठे मीच घेतले. मनात खोट नव्हती, बाई. पुढच्या साली करणारच हुतो. पुढच्या साली दुसरंच काय काय निघालं."

ते समोरच्या ओढ्याकडे बघत होते.

"तायाप्पा, म्हाळसाचा मालक, पडला तवा मी गावातच हुतो. धावत गेलो. बाजेचा एक पाय माझ्या खांद्यावर हुता. ह्या इथं, ह्या दगडापाशी, त्यो गेला. त्येला खाली ठिवलं तवा म्हाळसानं माझ्याकडं एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चौदा वर्सं झाली, ती माझ्याशी बोलली न्हाय. मी बी तिच्या दारात गेलो न्हाय. परवा तुम्ही रस्त्याचं नाव काढलं, दोन दिवस जेवण ग्वाड लागलं न्हाय." त्यांनी इंजिन सुरू केलं. "आजची सही तुमच्यासाठी केली असं समजू नका."

मी मान हलवली. पण ती माझ्यासाठीही झाली होती. माझी नोकरी, माझ्या वडिलांचं औषध, नंतरची माझी सगळी वर्षं त्या सहीखाली उभी आहेत, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढे काय झालं ते सरळ सांगते. हप्ता अडकला. मधल्या आळीचा रस्ता वर्षभर लांबला आणि आळीनं अण्णांना ते विसरू दिलं नाही. पुढच्या निवडणुकीत ते अकरा मतांनी पडले. ती अकराच्या अकरा मतं मधल्या आळीची होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अण्णांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट माझी कायमची ऑर्डर निघाली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले.

पण नळयोजना कागदावर अपूर्ण राहिली होती, आणि अपूर्ण कामाचं पुढं काही करता येतं. तालुक्याहून अभियंता आला. त्यानं चढ मोजला, नकाशा चुकल्याचं मान्य केलं. ठेकेदाराची अनामत सुटली नव्हती, त्यामुळे तोही वठणीवर आला. पुढच्या फेब्रुवारीत माळाच्या माथ्यावर छोटी टाकी आणि ओढ्यापाशी दुसरी मोटर बसली.

पाणी सोडलं त्या सकाळी मी वर होते. सगळी वस्ती जमली होती. सुरेखाच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. कॉक फिरवला, आधी हवेचा आवाज आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ जाड धार. बायका एकदम बोलायला लागल्या. कुणी नारळ फोडला. मी मुद्दाम अर्धा तास थांबून बघितलं. खाली ओढ्याकाठचे नळही चालू होते. धार तुटली नाही.

अण्णा आले नव्हते. निरोप देऊनही आले नव्हते.

म्हाळसाआक्कानं पहिली कळशी भरली. घरात नेईल असं वाटलं. पण तिनं ती काखेत घेतली आणि माळ उतरायला लागली. मी मागोमाग गेले. "आक्का, कुठं निघालात?" ती चालतच राहिली. ओढा ओलांडला, मधल्या आळीतून गेली. लोक दारात येऊन बघायला लागले, कारण पाणी भरलेली कळशी घेऊन माळावरची बाई गावात येताना आजवर कुणी पाहिली नव्हती.

अण्णा ओट्यावर बसले होते. तिला बघून ते उठले. दोघं समोरासमोर उभी राहिली. मी खाली रस्त्यातच थांबले.

"दिनकर," आक्का म्हणाली, "वंजळ धर."

अण्णांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. पायरी उतरून खाली आले, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली. तिनं कळशी कलती केली. ते प्यायले. तिनं परत ओतलं, ते परत प्यायले. पाणी संपल्यावरही ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले, ओंजळ तोंडाशी धरून.

"ग्वाड हाय न्हवं?"

"हाय, आक्का."

"मग झालं." तिनं कळशी सरळ केली. "आता येत जा वस्तीवर. सुरेखाची पोरगी वळखत न्हाय तुला."

मग तिनं वळून माझ्याकडे बघितलं. कळशीत अजून पाणी होतं.

"तू काय उभी राहिलीस, भाऊसाहेब? ये. तू बी पी."

मी पुढे झाले आणि हात पसरले.